सत्यवतीने पाहिलेली लढाई

मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या सत्यवतीने त्या दिवशी उरलेले बांगडे शेजारणीच्या टोपलीत ओतले आणि दुपारच्या एसटीने कट्टा गाव गाठलं. तिथे नवऱ्याचं नाटक होतं. दाजी एरवी मासेमारी करायचा आणि जत्रांच्या मोसमात दशावतारात राजाचं काम.

सकाळी तिने त्याला मागीलदारी नाटकातली तलवार दगडावर घासताना पाहिलं होतं. ही तलवार बोथट असते, नुसती वाजण्यापुरती. तिने विचारलं, "धार कित्याक काढतास?"

"गंज चढललो," दाजी मान वर न करता म्हणाला.

पण पात्यावर गंज नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दाजीचा धाकटा भाऊ ओमकार होडी उलटून बुडाला. मंगेश या दुसऱ्या मच्छीमाराची होडी तेव्हा जवळूनच किनाऱ्याकडे येत होती, ती थांबली नाही. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही, असं मंगेश सगळ्यांना सांगत राहिला. दाजीने भांडण केलं नाही, फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं. मंगेश त्याच नाटक कंपनीत राक्षस व्हायचा, म्हणून मालक दोघांना समोरासमोर कधी आणत नसत. पण आज दुसरा राक्षस तापाने पडला होता. आणि कथा होती भावाच्या वधाचा सूड घेणाऱ्या राजाची.

सत्यवती आधी मालकांकडे गेली. तलवारीचं सांगितलं, पण त्यांनी ते हसण्यावारी नेलं. पेटी, पखवाज सुरू झाले होते. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

लढाई सुरू झाली. पहिले वार नेहमीसारखे तालात पडले. मग दाजीचा वार ताल सोडून आला. मंगेशची बाही फाटली आणि दंडावर रक्त उमटलं. प्रेक्षकांना तो रंग वाटला. मंगेशने मात्र दंडाकडे पाहिलं, मग पात्याकडे, आणि तो मागे सरकेनासाच झाला.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या बोलतो. राजा नेहमी भारदस्त मराठीत बोलतो. दाजी आज घरच्यासारखं बोलला.

"माझो भाव हाका मारी होतो. तू आयकलंस. परतलंस कित्याक नाय?"

पखवाज थांबला. सत्यवती उठून उभी राहिली. मंगेशने आपली तलवार खाली टाकली.

"आयकलंय," तो म्हणाला. "भियालंय मी. माझी होडीय उलाटली असती."

दाजीचा हात वर तसाच राहिला. मुकुटाखालून घाम गालावरच्या रंगात उतरत होता. बऱ्याच वेळाने त्याने तलवार खाली घेतली आणि तो पडद्यामागे चालता झाला. राक्षस मेलाच नाही. लोकांना वाटलं, कथाच तशी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगेशच्या दंडाला टाके पडले. पत्रा लागला, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दाजीच्या घरासमोरच्या खळ्यात आला आणि ओमकारच्या आईसमोर, आनंदीबाईसमोर, उभा राहून तेच पुन्हा बोलला. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

दाजी त्याच्याशी अजून बोलत नाही. आता संपलं, असं लोक म्हणतात. सत्यवतीला तशी खात्री वाटत नाही. दोघांच्या होड्या एकाच वेळी बाहेर पडल्या, की दोन्ही परत येईपर्यंत तिचं बाजारात लक्ष लागत नाही.