लाल बाहेर

शहादेव मामांनी मला फिजिक्स शिकवलं असं मी म्हणते, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये लोक हसतात. मामा दहावी नापास. हसोत बापडे.

माजलगावच्या आमच्या कॉलेजात मामा प्रयोगशाळेचे शिपाई. एकतीस वर्षं दिवे लावले, भिंगं पुसली आणि पोरांवर खेकसले. "काचंला बोट लावून तर बघ," हे त्यांचं स्वागताचं वाक्य. ग्रेटिंग म्हणजे हजारो बारीक रेघांची काच, बोटाचं तेल लागलं की बाद. मामा ती पेढ्याच्या डब्यात, मऊ फडक्यात ठेवत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते. परतले तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेला चार दिवस उरले होते. नापास झाले तर लग्न लावून पुढच्या हंगामाला माझा कोयता करायचा, हे घरात ठरलेलं. तोडीला नवराबायकोची जोडी लागते, तिलाच आमच्याकडे कोयता म्हणतात.

सरांना वेळ नव्हता. मामा रविवारीसुद्धा किल्ली घेऊन आले. ग्रेटिंगमधून दिव्याचे रंग वेगवेगळे दिसत होते, पण मी वहीत न बघताच लिहिलं, जांभळा सगळ्यात जास्त वळतो. प्रिझमच्या धड्यात तसंच पाठ केलं होतं.

"खोड ते," मामा म्हणाले. "हितं लाल बाहीर ऱ्हातो. बावीस वर्षं बघतोय."

"पण पुस्तकात तर..."

"ते पिरझमचं. असं कावून व्हतं ते सरांना इचार. लाल कुठं ऱ्हातो ते मला इचार."

मला पटेना. मी पहिल्यापासून भांडखोर. शेवटी वैतागून मामांनी मोबाइलची बॅटरी लावून अंधाऱ्या व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीत ठेवली आणि मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. "ओढणी घे डोळ्यांवरून. आता बघ."

उजेडाच्या चारी बाजूंना ठिपके होते. प्रत्येकाची आतली कड निळी, बाहेरची लाल. हे मी उसाच्या फडात पाहिलं होतं. पाचट टोचू नये म्हणून आम्ही तोंडभर ओढणी बांधायचो, आणि संध्याकाळी लांबून ट्रॅक्टर आला की त्याच्या दिव्याला हेच रंग फुटायचे. कुसळांनी आपले डोळे गेले, असं समजून मी तीन महिने कुणाजवळ बोलले नव्हते. मामांना सांगितलं आणि रडूच फुटलं.

"डोळे चांगले हायत तुजे," ते म्हणाले. "उजेडच तसा वागतो."

मग सूत्र पुन्हा वाचलं आणि या वेळी कळलं. लाल प्रकाशाची तरंगलांबी मोठी, म्हणून बारीक फटींतून जाताना तोच जास्त बाहेर पसरतो. ओढणीच्या विणीतसुद्धा फटीच असतात.

परीक्षेला बाहेरगावचे साहेब होते. त्यांनी नेमकं विचारलं, "जास्त कोण वळतो?"

"लाल, सर."

"नक्की? प्रिझममध्ये तर जांभळा वळतो." त्यांनी पेन उचललं.

मामा दारात उभे होते, पण एक शब्द बोलले असते तर त्यांची नोकरी गेली असती. मी ओढणी काढून साहेबांपुढे धरली. "सर, दारातून व्हरांड्याकडे बघा. यातून."

मामा चालत गेले आणि बॅटरी खिडकीत ठेवून आले. साहेबांनी बराच वेळ पाहिलं, ओढणीची घडी करून परत दिली आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही.

मी पास झाले. कोयता टळला. आज त्याच कॉलेजात शिकवते.

यंदा मामा निवृत्त झाले. मी नोकरीला लागल्यापासून ते मला "मॅडम, तुमी" म्हणत. कितीदा सांगितलं, ऐकलं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्या गळ्यात पातळ उपरणं घातलं आणि बोलायला उभी राहिले. "मामा, तुम्ही नसता तर मी आज फडात असते," एवढंच जमलं. पुढे डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

मामांनी उपरणं डोळ्यांपुढे धरून सभागृहाच्या टोकाच्या दिव्याकडे पाहिलं. मग ते माझ्या हातात दिलं.

"डोळे चांगले हायत तुजे, पोरी," ते म्हणाले. "पूस ते."