धाकटी कुठली?

दोन्ही पोरी माझ्या हातातनं गेल्या आन् मला कळंना कुठली कोण. पाळण्याच्या अलीकडं बायका, पलीकडं बायका, एक पोरगी वरनं जातीय, दुसरी खालनं येतीय, दोघींच्या अंगात तेच पिवळं झबलं, डोक्याला तेच टोपडं, आन् समद्या वरडाय लागल्यात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. पोरी असल्या तरी गोविंदच म्हणायचं, आमच्याकडं बारशाला आसंच करत्यात. मी पाटावर बसलेली. मांडीवर वटी, डोक्यावर पदर, उठायचं न्हाय म्हणून दटावून ठिवलेलं. थोरलीच्या पायात मी काळा दोरा बांधला व्हता, तेवढीच खूण. पायाकडं बघितलं तर दोरा न्हायच. सकाळी न्हाऊ घालताना भिजला म्हणून कुणीतरी कापून टाकला व्हता, मला न सांगता.

"आवो हळू! मान धरा की तिची!" मी वरडले.

"तू शिकिव आता आमाला," पलीकडनं एक म्हातारी म्हटली. "गप बस पाटावर. लई कौतिक दोन पोरींचं."

समद्या हसल्या. आन् तेवढ्यात आक्कानं इचारलं, "ह्यातली धाकटी कुठली गं?"

आक्का म्हंजे माझी नणंद. पोरींची आत्या, म्हंजे कानात नाव सांगायचा मान तिचा. तिनं धाकटी कुठली म्हणून का इचारलं ते मला ठावं व्हतं.

मी आठवीत शाळा सोडलीया, मला नीट लिवता येत न्हाय, पन हे मी सांगणारच. आदीपासनं सांगते म्हंजे कळंल.

माझं माहेर निपाणीकडं, सासर सदलग्याच्या बाजूला. मालक उद्यमबागंत फौंड्रीत कामाला, बेळगावातच खोली करून ऱ्हात्यात, सुट्टीला गावाकडं येत्यात. चिकोडीच्या दवाखान्यात माझं बाळतपण झालं. जुळी हायत हे आदीच कळलंतं, पन दोन्ही पोरी हे तवाच कळलं. सासू बाहीर बाकड्यावर बसली व्हती. नर्सबाईनं येऊन सांगितलं तशी तिनं डबा उचलला आन् घरला गेली. त्या डब्यात माझं जेवण व्हतं. त्येची शिसारी मला अजून जात न्हाय. भुकेची न्हाय, त्या डब्याची. आता त्यो डबा मी घासते, रोज घासते.

गावात बायका बघाय यायच्या. "एकीवर एक फुकाट मिळाली व्हय गं!" आन् हसायच्या. मी बी हसायची. काय करणार, पाव्हण्या. मग पोरींच्या मुठी उघडून बघायच्या, टोपडं वर करून बघायच्या, रंग बघायला कानामागची कातडी वढायच्या, बाजारात वांगी उलटीपालटी करत्यात तशी. ती कुणाची बोटं, कुठं लागलेली बोटं, काय ठावं न्हाय. बायका गेल्या की मी पोरींचे कान पुसून घ्यायची.

पन नावं मी काढली व्हती. दोन नावं. दवाखान्यातच, झाल्या त्याच दिशी. भनीला फोन करून इचारायची, ही कशी वाटत्यात, ती म्हणायची, लई झ्याक हायत, बोलवायला सोपी हायत. मालकांस्नी बी सांगितली. ते म्हटले, "चांगली हायत की. आक्काला सांग, ती ठिवंल." ती नावं मी हितं लिवत न्हाय. ती घरात कुणाच्या तोंडात आली न्हाईत, मग मी तर का वाटू.

बारसं खरं तर माहेरात व्हायचं, पन सासू म्हटली हितंच करायचं, आमच्या घरात. का, ते मला बारशाच्या सकाळी कळलं. मी पोरींस्नी दूध पाजत आतल्या खोलीत बसलेली आन् बाहीर चुलीवर घुगऱ्या शिजत व्हत्या. आक्का आन् सासू बोलत व्हत्या. त्यांस्नी वाटलं मी झोपलीया.

"थोरलीला कायतरी ठिव चांगलं," सासू म्हटली. "धाकटीला साकव्वा ठिव."

साकव्वा म्हंजे काय ते आमच्या भागात बारकं पोर बी सांगंल. कानडीत साकू म्हंजे बास, पुरे. पोरी पुरे झाल्या, आता देवा पोरगा दे, म्हणून शेवटच्या पोरीला त्ये नाव द्यायचं. सासूच्या जावंला चार पोरी, चौथीला साकव्वा ठिवलं आन् पाठीवर पोरगा झाला म्हणत्यात. ती साकव्वा मी बघितलीया. आता तिचीच पोरं कालेजात हायत, तरी गावात तिला कुणी हाक मारली की ती आदी खाली बघती, मग वर बघती.

"थोरलीला ठिवून चालत न्हाय न्हवं?" आक्का म्हटली.

"छट्. शेवटचीलाच ठिवाय पायजे. न्हायतर उपेग न्हाय."

घुगऱ्यांचा वास आला आन् मला खरंच ओकारी आली. पोरीला खांद्यावर टाकून मी परसात गेले, थुकले, तोंड धुतलं. मालक मोटारसायकल पुसत व्हते. मी त्यांस्नी सांगितलं.

"नुस्तं नाव हाय गं," ते म्हटले. "कागदावर तुझंच घालू की."

"कागदावर कोण हाक मारतंय?"

"आता पाव्हणं आल्यात. आईसंगं भांडू व्हय मी, आज?"

आन् परत पुसाय लागले. हँडल लई चकचकीत केलं.

बारसं लागलं. पाळण्यात आदी पोरं घालत न्हाईत, गुंडा घालत्यात, म्हंजे वरवंटा. त्येला न्हाऊ घातलं, हळद-कुंकू लावलं, टोपडं घातलं, काजळानं डोळं काढलं. पोरींस्नी आणलेल्या टोपड्यातलं चांगलं, जरीचं, त्ये त्या दगडाला गेलं. सासूनं त्येला दोन्ही हातात घेतलं आन् गालाला लावलं.

"बघा, घरात एवढा तरी पोरगा आला!" कुणीतरी म्हटलं.

हशा झाला. सासू बी हसली, आन् खरं सांगते, तिनं त्या दगडाचा मुका घेतला. माझ्या पोरींचा तवापातुर तिनं एक मुका घेतला नव्हता. मी बघत ऱ्हायले. त्या वरवंट्यानं आमी मिरच्या वाटतो. मला राग आला न्हाय, रडू आलं न्हाय, नुस्ती किळस आली, पालीवर पाय पडल्यावानी.

मग गुंडा काढला आन् पोरी उचलल्या, आन् त्ये वरनं-खालनं देणं-घेणं सुरू झालं, एक पोर असतं तवा ठीक हाय, जुळ्यांचं कुणी केलंच नव्हतं आमच्या गल्लीत. कुणी म्हटलं एकाच वक्ताला द्या, कुणी म्हटलं एकामागनं एक, त्यात दोन्ही झालं. त्या गोंधळातच सगळं मिसळलं. तिथंच आक्कानं इचारलं, धाकटी कुठली.

सासूनं एकीचं तोंड बघितलं, दुसरीचं बघितलं. "ही न्हवं का? न्हाय, ही... आगं, दोरा कुठाय?"

"दोरा मीच कापला की, भिजला व्हता," पोरींस्नी न्हाऊ घालणारी म्हातारी म्हटली.

"आता आन् काय करायचं?"

समदी माझ्याकडं बघाय लागली.

मला बी खरंच कळत नव्हतं, शपथ. दोन्ही पोरी पाळण्यात शेजारी-शेजारी ठिवल्या, दोन्ही टकामका बघाय लागल्यात, आन् मी आई असून मला कळंना. दूध पाजून, ढेकर काढून, मुतलेली दुपटी बदलून एवढं दिवस गेलं आन् मला कळंना! मग एकीनं खालचा ओठ आत घेतला. रडायच्या आदी धाकटी तसं करती. नुस्ता ओठ आत, मग जरा थांबती, मग टाहो फोडती. थोरली एकदम रडती. हे दुसऱ्या कुणाला ठावं न्हाय, कारण रडाय लागल्या की बाकीच्या माझ्याकडं आणून देत्यात, रडायच्या आदी त्यांच्याकडं कोण बघतंय.

ओठ आत गेला आन् मला कळलं. डावीकडची.

"सांग की गं," आक्का म्हटली. "मुहूर्त जातोय."

"मला वळखंना," मी म्हटलं.

"काय?"

"वळखंना, आक्का. दोघी सारख्याच हायत."

आता बायकांस्नी काय, चघळायला मिळालं. "आई हाय का कोण हाय ही?" "म्हशीला बी आपलं रेडकू वळखतं गं." "आजकालच्या पोरी, सारखं मोबाईल बघत बसल्यावर काय वळखणार?" सासू तर डोक्याला हात लावून बसली, समद्यांम्होरं म्हटली, "हे आसलं गुणाचं आमी करून आणलंय." मी खाली मान घालून बसले. मला त्येचं काय वाटलं न्हाय. म्हणू दे म्हटलं, म्हस म्हणू दे, काय बी म्हणू दे. कुठली धाकटी त्ये कळत न्हाय, तर नाव कुणाला ठिवणार? आता दुसरी नावं ठिवाय लागंल. मनातल्या मनात मी माझी दोन नावं तयार ठिवली. आक्कानं माझ्याकडं बघितलं की सांगायचं.

आक्का इचार करत व्हती. तोंडात मिश्री व्हती, ती एका गालातनं दुसऱ्या गालात घेतली. मग म्हटली, "मग दोघीस्नी बी ठिवूया की."

"दोघीस्नी?"

"व्हय. दोघीस्नी साकव्वा. त्यातली एक तर धाकटी हायच न्हवं? काम झालं!"

एक हसली. मग समद्याच हसल्या. "थोरली साकव्वा, बारकी साकव्वा!" "व्हय की, दोनदा बास म्हटल्यावर देवाला बी ऐकू जाईल!" सासूचं तोंड लगीच उजळलं. आक्काला आपलं डोकं लई चालतंय आसं वाटलं, ती हसत-हसत वाकली.

तवा मला बोलाय यायला पायजे व्हतं. ती वाकत व्हती तेवढा येळ व्हता. डावीकडची म्हणायचं, बास, एवढंच. बोट करायचं. उजवीकडची सुटली असती, तिला चांगलं नाव मिळालं असतं, माझंच कदाचित. मी दारात बघितलं, मालक उभे व्हते, हातात पेढ्याचा पुडा, त्यांस्नी बी कळलं व्हतं काय चाललंय. ते पुड्याची दोरी सोडाय लागले.

आक्कानं एकीच्या कानात कुर्र केलं आन् सांगितलं. मग दुसरीच्या. तिच्या मिश्रीच्या तोंडाची लाळ दुसरीच्या कानावर पडली, काळी, आन् खाली गालावर आली. बायकांनी पाठीत धपाटं घातलं आक्काला, तसं घालत्यातच, रीत हाय. आन् घुगऱ्या वाटाय लागल्या.

समद्या गेल्यावर मी पदरानं त्यो कान पुसला. लई पुसला. पोरीचा कान लाल झाला आन् ती रडाय लागली, तवा माझीच मला घाण वाटली.

आता पोरी चालत्यात. सासू उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन "साकव्वाऽऽ" म्हणती आन् दोघी बी वळत्यात, दोघी बी हसत पळत जात्यात तिच्याकडं. त्यांस्नी काय ठावं. ती एकीच्या हातात काकडीची फोड देती आन् दुसरीला म्हणती, तुला न्हवं, तिला हाक मारली. मागच्या बारीला मालक म्हटले, अंगणवाडीला घालायच्या आदी कागदावर तुझी नावं घालून आणतो. आणा म्हटलं. आन् माझ्या पोटात परत काय न्हाय, तिसऱ्याचं नाव काढलं की मी भाकरीचं पीठ मळत ऱ्हाते आन् वर बघत न्हाय.

आंघोळ घालताना मी त्यांस्नी माझ्या नावानं हाक मारते, दार लावून, बारीक आवाजात. त्या वळत न्हाईत. पाण्याशी खेळत ऱ्हात्यात.

भनीला हे सांगितलं तर ती म्हटली, तू बोलली असतीस तर एक तरी सुटली असती. एक तरी. मला बी आसं रोज वाटतं. पन मग दुसरीकडं, माझ्याच बोटानं, माझ्याच पोरीकडं दाखवायचं, हिला म्हणा बास, हिला म्हणा पुरे झाली, आन् ती मोठी झाली आन् तिनं इचारलं, आई, कुणी सांगितलं त्यांस्नी की मीच ती, तर? गप बसले तर दोघी गेल्या, बोलले असते तर एक मी दिली असती. तुमी आईच्या जागी पाटावर बसला असता, वटी मांडीवर, समदी तुमच्याकडं बघाय लागलीत, आत्या वाकलीया, तर तुमी काय केलं असतं? बोट दाखवलं असतं का?