गेरूची फुली

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडले तरी तिथंही नाही. दारूचा नाद नाही, त्यामुळं बरळतानासुद्धा कधी तोंडातून सुटलं नाही. तुम्ही माझा चेहरा ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय. हाही एक भित्रेपणाच झाला म्हणा. असू दे. कुठून तरी सुरुवात करायची की.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही कातारी. होटगी रोडच्या आतल्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथं लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशी लावून वाडगे काढायचे. शेड दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या आक्काच्या नवऱ्याची. त्यांच्या घरात आज्या-पणज्यापासून लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खूर होत आले. वाडग्यांचा नाद दाजींनीच आणला, त्यातही गाठीच्या वाडग्यांचा. जुनाट झाडाच्या खोडावर माणसाच्या मानेवर येतं तसं आवाळू आलेलं असतं, बघितलंय का कधी? ती गाठ. तिच्यात लाकडाचा धागा सरळ जात नाही, वळसे घेत जातो. आणि गाठ कुजायला लागलेली असली तर विचारूच नका — बुरशीच्या काळ्या रेघा अशा पसरतात की पुण्याची माणसं हातात घेऊन खाली ठेवत नाहीत.

पण कूज ती कूजच. मधेच एखादी जागा अशी लागते की बोट दाबलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखी खचते. तिथं पातळ ग्लू पाजायचा, त्याच लाकडाचा बारीक भुसा ठासायचा, वरून परत ग्लू. वाळलं की जागा दगड होते. वरून होते — आत किती मुरलाय, ते वरून दिसत नाही. म्हणून शेडमध्ये दाजींचा कायदा होता. जागा भरली की तिच्यावर गेरूची फुली मारायची. कातताना फुली निघाली तर परत मारायची. लेथवर उभा राहणारा ती बघतो, लेथ हळू ठेवतो, तोंड बाजूला धरतो. आणि फुली असो नसो, ज्याच्या हातात लाकूड त्यानं ते बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं. कुजकं, न भरलेलं लाकूड बद्द वाजतं. चांगलं खणखणीत वाजतं. ग्लू भरलेलंही खणखणीत वाजतं, म्हणूनच तर फुली.

बघा, अजून मी लाकडाचंच बोलतोय.

मी कामाला होतो तो टॉवेलचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दाजींकडं आलो. लग्न झालेला, मिशा आलेला माणूस, आणि पटाशी धरायला शिकतोय. दाजींनी शिकवलं. मनापासून शिकवलं, कधी हात राखला नाही. फक्त चेष्टेची खोड. एकदा लेथवरून एक ढलपी उडाली आणि मी उडी मारून दारात. झालं! जेवायला बसल्यावर दाजींनी सगळ्यांना सांगितलं, आमचा मेव्हणा लई चपळ, लाकूड सुटायच्या आधी हा पार मोहोळ गावाला पोचतो. सगळे हसले. माझी बायको तर ठसका लागेपर्यंत हसली. दाजींच्या मनात काही नव्हतं हो, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढं कितीतरी दिवस लेथजवळ उभा राहिलो की ते 'मोहोळ' कानात वाजायचं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस काय काय करतो — की माणूस मुळातच तसा असतो?

त्यानंतर रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका चिंचेची गाठ आमच्याकडं आली. मोठी, काळ्या रेघांनी भरलेली. दाजींनी ती माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, ही तू काढ. असल्या गाठीला त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

बाहेरचा आकार मी झकास काढला. मग काठाजवळ मऊ जागा लागली, चांगली तळहाताएवढी. ग्लू पाजला, भुसा ठासला, घासून गुळगुळीत केली. आणि गेरू उचलला नाही.

का? मनाला सांगितलं, गेरू त्या काळ्या रेघांत शिरला तर निघायचा नाही. खोटं. गेरू निघतो. खरं हे की एवढी मोठी फुली बघून दाजी म्हणाले असते, दे इकडं, हे तुझ्या हातचं काम न्हाई. नाहीतर सरळ बंबात घाल म्हणाले असते. आणि मला ती गाठ माझ्या नावावर हवी होती. फुली मारली नाही — बस्स, एवढंच केलं. काही केलंच नाही, असंही म्हणता येईल, नाही का? कितीतरी वर्षं मी तसंच म्हणत आलो.

मग आतली बाजू पोखरायला लेथ चालू केला. पटाशी टेकवली, आणि गाठीतून कर्र असा बारीक आवाज आला. पटाशीतून तो थेट कोपरात चढला. मी लेथ बंद केला. आता गेरू घ्यायचा, फुली मारायची, दाजींना हाक मारायची. एवढंच होतं की. पण मी गाठ उतरवून फळीवर ठेवली, घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून शेडमध्ये आलो. पाठ धरलीय म्हणालो. आतलं तुम्ही काढा.

त्या दिवशी दाजींनी चेष्टा केली नाही. कमरेला शेक घे म्हणाले, माझ्यासाठी चहा सांगितला. मी कप घेऊन दाराशी उभा राहिलो. इथं मधली एक गोष्ट मी गाळतोय. ती शेवटी सांगतो. आत्ता नाही जमत.

तेव्हा आमच्याकडं तोंडावर घ्यायची काच नव्हती, दाजींचा साधा चष्मा होता. आवाज झाला तो फटाक्यासारखा नव्हता, कुणी ताट आपटल्यासारखा होता. काठाचा तुकडा उडाला आणि उजव्या डोळ्यावर बसला. लेथ तसाच फिरत होता. दाजी खाली बसले, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. ओरडले नाहीत. मी ओरडत होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी आक्काला बाहेर बोलावलं आणि डोळा गेला म्हणून सांगितलं.

मी काय केलं ऐका. मी शेडमध्ये परत आलो आणि तुकडे गोळा केले. फुटलेल्या जागी ग्लूचा पातळ पापुद्रा काचेसारखा चमकत होता, आणि त्याच्या खाली सगळी खारी. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. ते तुकडे पोत्यात भरून आक्काच्या घरी नेले आणि न्हाणीघरातल्या बंबात घातले. ग्लू जळला की धूर डोळ्यांना लई झोंबतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आक्का मागून आली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नगं रं. तुझा काय दोष?"

मी तिचा हात तसाच राहू दिला.

वाटलं असेल, झालं, एवढंच. नाही. पट्टी बांधलेली असताना दाजींनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेलेला. म्हणाले, "दत्ता, मी ठोकून बघितलं हुतं न्हवं? मला ठोकल्यावानी आठवतंय."

मी म्हणालो, "न्हाई दाजी. तुमी घाईत होता. सरळ बटन दाबलं."

हे मी जसंच्या तसं सांगतोय, कारण हे शब्द मला रोज ऐकू येतात. मग म्हणाले, मग माझीच चूक. आणि त्यावर — तुमचा विश्वास बसणार नाही — त्यांनी माझी माफी मागितली. गाठ लई चांगली निघत हुती तुझी, म्हणाले, मी वाया घालवली. मी म्हणालो, जाऊ द्या दाजी. म्हणजे माफ केलं मी त्यांना!

त्यांचा विचार सरळ होता. गाठीवर फुली नव्हती, म्हणजे ती भरलेली नव्हती. भरलेली नसेल तर कुजक्या जागी बद्द वाजलीच असती. मग आपण ठोकलंच नसणार. सगळं बरोबर जुळतं, फक्त दत्तानं फुली चुकवली नसेल, एवढं धरून चाललं की. आणि दत्तावर त्यांचा विश्वास होता.

एका डोळ्यानं अंतर कळत नाही. बरं वाटल्यावर त्यांनी एकदा पटाशी धरली, तर ती लाकडाच्या अलीकडं, हवेतच टेकवायला गेले. परत तसंच झालं. मग पटाशी फळीवर नीट ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही. आता दाराशी बसून वाडग्यांना पॉलिश पेपर मारतात. लेथ मी चालवतो. गाठीच्या वाडग्यांसाठी लोक माझं नाव घेऊन येतात, फोटो काढतात. आणि शेडमध्ये कुणी नवीन शिकायला आलं की दाजी त्याला समोर बसवतात, काळा चष्मा काढतात आणि ती बुजलेली जागा दाखवतात. माझ्याकडं बघा, म्हणतात, ठोकून न बघता लाकूड चढवलं की असं व्हतं. माझ्या माजाची शिक्षा हाय ही. दरवेळी मी तिथंच असतो. पटाशीला धार लावत असतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, दरवेळी वाटतं की आता ते माझ्याकडं वळतील. ते कधीच वळले नाहीत.

आक्काच्या सोन्याच्या बांगड्या दवाखान्यात गेल्या, तिचं हसणं गेलं, तेही सांगायला हवं. तिनं दाजींना एकदाच सुनावलं होतं, एवढा जुना माणूस तुम्ही, ठोकायला काय हात मोडले होते? दाजी खाली मान घालून ऐकत होते. मी समोर बसून भाकरी खात होतो.

हे सगळं आत्ताच का आठवलं? आठवलं नाही, कधी विसरलोच नव्हतो. पण परवा एक झालं.

दाजींची मुलगी स्नेहल आता लेथवर हात बसवतीय. पोरगी धीराची आहे, आणि तोंडावर काच घेतल्याशिवाय बटनाला हात लावत नाही. तिनं कडुलिंबाची एक गाठ घेतली होती. चढवायच्या आधी बापाच्या मांडीवर नेऊन ठेवली, ही तिची रीत. दाजींनी गोल फिरवत ठोकली, कान लावला, आणि खणखणीत हाय, चढव, म्हणाले. तिनं गाठ उचलली आणि जीभ चावली. म्हणाली, "थांबा आप्पा, हितं मी ग्लू भरलाय. फुली मारायची राहिली की."

इतकं सोपं होतं ते. एवढंच म्हणायचं होतं.

तिनं गेरू शोधला. दाजींनी तिच्या हातातून गाठ परत मागून घेतली. ती जागा अंगठ्यानं चाचपली, परत पेरानं ठोकली, ऐकली. परत ठोकली. पोरीला काही कळलं नाही, ती फुली मारून गाठ घेऊन गेली. दाजींचा हात मांडीवर तसाच रिकामा राहिला. बऱ्याच वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "दत्ता, त्या चिंचंच्या गाठीत ग्लू हुता का रं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

व्हय म्हणायला किती वेळ लागतो? मी लेथचं बटन दाबलं. आवाज सुरू झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, ते थांबले होते, लेथ बंद होण्याची वाट बघत. मी बंद केला नाही. मग त्यांनी पॉलिश पेपर उचलला आणि वाडगा घासायला घेतला. त्यानंतर विचारलं नाही. रोज येतात, बसतात, जेवायच्या वेळी डब्यातली शेंगाची चटणी आधी माझ्या ताटात वाढतात. नवीन आलेल्याला मात्र परवापासून चष्मा काढून काही दाखवलेलं नाही.

आता ती गाळलेली गोष्ट.

मी चहाचा कप घेऊन दाराशी उभा होतो. दाजींनी फळीवरची गाठ काढली आणि मांडीवर घेतली. लेथ बंद होता. त्यांनी ठोकली. कुठलीही घाई नव्हती, सगळीकडून ठोकली, काठाजवळची माझी जागासुद्धा. खणखणीत वाजली, मी दारातून ऐकली. तोंडात चहाचा घोट होता. दाजींनी वर बघितलं — दोन्ही डोळ्यांनी — आणि लई चांगली काढलीस रं, अशी मान हलवली. मी पण मान हलवली. मग त्यांनी गाठ लेथवर चढवली.