समीक्षाचा दोर कोणी धरायचा

जांबोटीहून मी निघाले त्या सकाळी आईने चूल पेटवली नव्हती. हणमंता, तुला हे आठवणार नाही. तू तिच्या कडेवर होतास आणि माझ्या फ्रॉकची बाही धरून ओढत होतास. माझा चौथीचा निकाल नुकताच लागला होता आणि आत्या मला न्यायला बेळगावहून आली होती. आईने आदल्या दिवशीची भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली. चहा दिला नाही.

"वैनी, घोटभर च्या तरी टाक की पोरीला," आत्या म्हणाली.

"गाडी चुकंल," आई म्हणाली. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

आप्पा बाहेरच्या सोप्यात पडून होते. मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाले, "शेवंते, फुडल्या वर्साला पाचवीत घालतो तुला. तवर आत्याकडं ऱ्हा." ते वर्ष काही आलं नाही. त्यांना तेव्हाच ते माहीत असावं, कारण बोलताना ते आढ्याकडे बघत होते.

गाडी वळणावर आली तेव्हा मी मागच्या काचेतून आपलं घर बघितलं. सगळ्या घरांच्या कौलांतून धूर निघत होता, आपल्या घराच्या कौलांवर काहीच नव्हतं. मला वाटलं, मी वळणापलीकडे जायच्या आतच घराने मला टाकलं. चहासुद्धा न देता पाठवलं, ही गोष्ट मनात धरून मी बेळगावच्या कॅम्पात, लष्कराच्या वस्तीत मोठी झाले. आई गेली तेव्हाही ती मनात होती.

आप्पा का पडले ते तू ऐकलं आहेस. पण कड्याची रीत तुला कुणी नीट सांगितली असेल असं वाटत नाही, कारण तू कळता झालास तोवर आपल्या घरातलं मध काढणं बंद झालं होतं. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात कड्यावरचं आग्या मोहोळ, असं आप्पांचं वर्ष असायचं. कमरेला दोर बांधून उतरायचं. वर झाडाला दोराचा एक वेढा आणि दोर सोडायला एक माणूस. तो माणूस बायकोचा भाऊच लागतो. उतरणाऱ्याचं काही झालं तर त्याचीच बहीण उघडी पडणार, म्हणून तो जिवापाड धरतो. सख्खा भाऊ चालत नाही. सख्ख्या भावाचा शेतात वाटा असतो. हे असं तोंडाने कोणी बोलत नसे, रीत होती एवढंच. बायकांनी कड्याकडे फिरकायचं नाही. माणसं कड्यावरून परत येईपर्यंत घरात चूल पेटवायची नाही. आई त्या दिवशी विझलेल्या चुलीपुढे बसून राहायची आणि मी भूक लागली म्हटलं तरी हलायची नाही.

त्या वर्षी मामा तापाने पडले होते. मोहोळ भरलेलं, माश्या उठून जायच्या बेतात. आप्पांनी सख्ख्या भावाला, बाळूकाकांना दोर धरायला नेलं. दोर सुटला, आप्पा खालच्या खडकावर आपटले. पाय नीट बसला नाही तो नाहीच. कोणी विचारलं की आप्पा एवढंच म्हणायचे, "दोर वला हुता." बाळूकाका काहीच म्हणायचे नाहीत. त्याआधी दोघांची तंबाखूची पिशवी एकच असायची. त्यानंतर दोन झाल्या. बोलणं राहिलं, पाण्याचं आणि बांधाचं, कामापुरतं. मी लहान होते तरी त्या दोन पिशव्या मला दिसायच्या.

कॅम्पातलं माझं आयुष्य तुला ठाऊक आहे. आत्या बंगल्यावर स्वयंपाक करायची, मी तिच्या हाताखाली. हिंदी शिकले, बाजारापुरतं कानडी शिकले, पण मान वर करून बोलणं शिकले नाही. लग्न झालं, तुझे दाजी मेसमध्ये कामाला लागले, मी बेकरीत टोस्ट भरायला. गाव कुठलं विचारलं की मी जांबोटी म्हणते आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून पुड्यांना गाठी मारायला लागते. दोन खोल्या, गॅस, फ्रिज, आणि पीयूसी म्हणजे बारावी झालेली पोर, समीक्षा. ती माझ्यासारखी नाही. ती रिक्षावाल्याशी भांडते.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी भाकरी थापत होते तेव्हा तिने मोबाईल डब्याला टेकवून माझ्यापुढे ठेवला. "आई, हे बघ." कझाक नावाचे लोक, बर्फाचा मुलूख. तिथे गरुड पाळून त्याच्याकडून शिकार करवतात. आजवर हे काम पुरुषांचंच, आता पोरी शिकायला लागल्या आहेत, त्याची डॉक्युमेंटरी. पोर बारा-तेरा वर्षांची, गाल उन्हाथंडीने तडकलेले, आणि हातावर तेवढ्याच वजनाचा वाटावा असा पक्षी. मला ते बघवेना. लहानपणी घारीवर नजर ठेवणं हे माझं काम होतं, पिल्लं कोंबडीखाली जाईपर्यंत मी हातवारे करून ओरडायची. इथे गरुड कोल्ह्यावर झेपावला आणि माझा हात तव्याला लागला.

मग एक पोर घरट्यातलं पिल्लू आणायला कड्यावरून खाली उतरली. वर एक माणूस दोर धरून उभा.

"तो कोण तिचा?" मी विचारलं.

"अंकल लिहिलंय खाली."

"म्हणजे मामा का चुलता?"

"ते त्यात कळत नाही गं."

"कळत नाही कसं? दोर दिलाय त्याच्या हातात."

समीक्षा हसली. पुढे त्या पोरीची आई दिसली, चहा ओतत होती. कॅमेऱ्याकडे न बघता काहीतरी बोलली. समीक्षाने सांगितलं, "ती म्हणते, मला भीती वाटत नाही."

"खोटं बोलतीय," मी म्हटलं. "किटलीकडं बघ, बशीत सांडलाय सगळा."

माझी भाकरी करपली होती. समीक्षाने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "आई, मी आज्जाला विचारणार आहे. मला कडा शिकव म्हणून."

मी नाही म्हटलं. दाजी नाही म्हणाले. तिने आप्पांना फोन लावलाच. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. आप्पा हसून सोडून देतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "उतरंल की. हलकी हाय. पर दोर कोण धरणार?"

समीक्षाचं लग्न व्हायचं आहे, तिच्यासाठी रीतीत माणूसच नाही. मामा चालेल, असं आप्पांनी ठरवलं आणि तुला गोव्याला फोन केला. तू म्हणालास, "सुट्टी न्हाय, आणि असलं खूळ पोरीच्या डोक्यात घालू नका." त्याचा मला राग नाही. मला तर बरं वाटलं होतं. पण समीक्षा म्हणाली, "जूनमध्ये मी शिरसीला जंगलाचं शिकायला जाणार. तिकडं कडे चढायला लागले तर दोर कोण धरणार ते तुला दिसणार पण नाही." हे तिने मला धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापासून मला झोप लागेना. बेकरीत टोस्ट मोजताना चुकायला लागले.

शेवटी आप्पांनीच मला फोन केला. "शेवंते, तूच धर."

"आप्पा, बाईमाणूस कड्यावर..."

"आता बाईच उतरणार हाय म्हटल्यावर कुणासाठी पाळतीस रीत?"

मे सरता सरता आम्ही गेलो. माश्या उठून गेल्या होत्या, पाऊस लागायच्या आधी त्या जातात आणि पुढच्या हंगामात त्याच कड्यावर परत येतात. रिकाम्या पोळ्यांचं मेण तेवढं काढायचं, असा आप्पांचा बेत होता. डंखाची भीती नव्हती. दोर खानापूरहून नवा आणलेला, नायलॉनचा. आप्पांनी तो हातभर हातभर करून बोटांत फिरवून बघितला. काठी टेकत, लंगडत ते पुढे, मागे आम्ही दोघी, आणि आमच्या मागे बऱ्याच अंतरावर बाळूकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कड्यावर पोचल्यावर ते करवंदीच्या जाळीपाशी बसले आणि तंबाखू मळायला लागले. आप्पांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मी मात्र पुन्हा पुन्हा बघत होते. इथेच झालं होतं ते, आणि तोच माणूस पाठीमागे बसलेला.

आप्पांनी समीक्षाच्या कमरेला आणि मांड्यांखालून दोर बांधला, झाडाला वेढा दिला आणि टोक माझ्या हातात दिलं. स्वतः कड्याच्या कडेला पालथे झोपले, खाली बघत. "सोड... सोड... थांब." मी त्यांच्या आवाजावर दोर सोडत होते. समीक्षा मला दिसत नव्हती. दिसत होते ते आप्पांचे उघडे तळपाय, एक सरळ आणि एक वाकडा.

"सोड," आप्पा म्हणाले, आणि खाली दगड निखळल्याचा आवाज आला.

दोर माझ्या हातातून पळाला. हणमंता, मी तो सोडला नव्हता. मी जेवढं धरता येतं तेवढं धरलं होतं, दात आवळून, पोटच्या पोरीसाठी, आणि तरी तो तळव्यातून जळत निघून चालला होता. माझ्या मुठी बंद होत्या आणि दोर त्यांतून जात होता.

"कमरेमागनं घे." बाळूकाका मागून बोलले, ओरडले नाहीत. "शेवंते, कमरेमागनं घे आणि खाली बस. नुसत्या हातावर ऱ्हात न्हाय त्यो."

मी अंग वळवून दोर पाठीमागून घेतला आणि तशीच मातीत बसले, टाचा मुळांत रोवल्या. दोर थांबला. बाळूकाका माझ्या पलीकडे येऊन उभे होते, पण त्यांनी दोराला हात लावला नव्हता. त्यांचे हात पुढे आलेले आणि हवेतच थांबलेले होते.

खालून समीक्षाचा आवाज आला, "आई, झोपलीस काय गं वर?"

आप्पा पालथेच होते. मान वळवून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग बाळूकाकांच्या त्या हातांकडे. बराच वेळ बघितलं. माझ्या हातांची आग होत होती आणि मला एकच कळत होतं, की इतकी वर्षं आपण सगळ्यांनी गप्प राहून जे मनात ठेवलं होतं ते खोटं असू शकतं. दोर ओला असो नाहीतर कोरडा, जीव लावून धरलेल्या हातातूनही तो जातो.

समीक्षा वर आली ती गुडघे सोलून, केसांत जाळं, पिशवीत काळपट मेणाचे तुकडे. हसत होती. मला रडू येत होतं, पण दोर कमरेभोवती तसाच होता, तो सोडायचं मला सुचेना. तो तिनेच काढला.

आप्पा उठून बसले. अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "बाळू, तंबाखू हाय काय?"

बाळूकाकांनी पिशवी काढली. आप्पांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दोघांपुरता तंबाखू मळला. मी माझे तळवे पदरात लपवले.

संध्याकाळी बाळूकाकांच्या घरी काकीने माझ्या हातांना हळद लावली. मी म्हटलं, आज आपल्या घरात चूल कोण थांबवणार होतं, आई तर नाही. काकी म्हणाली, "मी हुते की. सकाळधरनं चूल न्हाय पेटवली मी." आणि मग सहज, हळद लावता लावता म्हणाली, "तू बेळगावला गेलीस त्या दिवशी तुझ्या आईनं न्हवती का पेटवली. सांजच्या गाडीच्या कंडक्टरनं पोरगी पोचली म्हणून सांगितलं, तवा उठली. मी म्हटलं, अगं, पोरगी काय कड्यावर गेलीया? तर म्हनली, मग कुठं गेलीया?"

मी काकीला काही बोलले नाही. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात समीक्षा शिरसीला गेली. स्टँडवर तिने माझ्या तळव्यांवरची नवी कातडी बघितली आणि स्वतःच्या हाताने ते मिटून दिले. मी घरी आले, तांदूळ धुतले, लायटर हातात घेतला आणि परत खिळ्याला अडकवला. दाजी कामावरून आले, म्हणाले, "गॅस संपला काय?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्यातले टोस्ट काढले आणि पाण्याबरोबर खाल्ले. अंधार पडायच्या आधी फोन वाजला. "पोचले गं आई. रूम बरी आहे. तू जेवलीस काय?"

"आता टाकते," मी म्हटलं.

तू पहिल्यांदा गोव्याला गेलास त्या दिवशी आई नव्हती. मी शिफ्टला होते. त्या दिवशी तुझ्यासाठी कुणाची चूल थांबली होती का, ते मला माहीत नाही, आणि आता ते मला सारखं टोचतं. म्हणून एवढंच कर. दिवाळीला येऊन परत जाशील तेव्हा निघताना मला फोन कर आणि पोचलास की लगेच दुसरा कर. मधल्या वेळात आमच्याकडे कोणी जेवणार नाही, तेव्हा वाटेत कुठे रेंगाळू नको.