उम्म अल हस्समची फ्रेंच शिकवणी

बहारीनला गेले तेव्हा माझं फ्रेंच पेटीत गेल्यातच जमा होतं. पुण्यात मी एका कॉलेजात फ्रेंच शिकवायची. मग लग्न झालं, मुलगी झाली, ह्यांना बहारीनच्या एका बांधकाम कंपनीत इंजिनियरची नोकरी लागली आणि मागोमाग आम्ही दोघी गेलो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तिथे भाजीवाल्याशी हिंदी, मुलीच्या शाळेत इंग्रजी, घरात मराठी, एवढ्यात सगळं भागायचं. फ्रेंच कुणाशी बोलणार?

उम्म अल हस्सममध्ये आमची तीन मजली इमारत होती. तळमजल्यावर घरमालक, सत्तरीचे बहारीनी गृहस्थ. मधल्या मजल्यावर आम्ही. वर एक इंग्रज जोडपं, पन्नाशी उलटलेलं. साहेब एअर कंडिशनिंगच्या मोठ्या प्लांटवर कामाला होते, बाई घरीच असत. जिन्यात भेटलं की ‘हॅलो’ आणि ‘फार उकडतंय’, यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं.

एकदा सुपरमार्केटमध्ये त्या बाई एक डबा उलटसुलट करून बघत उभ्या दिसल्या. मी सहज वाचून सांगितलं, “चेस्टनटचा लगदा आहे. गोड केलेला. भाजायला नाही चालणार.”

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुला फ्रेंच येतं?”

“शिकवायचे मी.”

बाईंनी माझा दंडच धरला. तिथेच, दह्याच्या फ्रिजसमोर, सगळी हकिकत सांगितली. दोन-तीन वर्षांत साहेब रिटायर होणार होते. इंग्लंडच्या पावसात परत जायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं आणि सुट्टीत फ्रान्समधल्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेऊन टाकलं होतं. घर छान, अंगणात अंजिराचं झाड, पण गावात इंग्रजी एकालाही येत नाही. “आणि आम्हाला फ्रेंचमध्ये फक्त थँक यू येतं,” त्या म्हणाल्या. “त्यावर म्हातारपण कसं काढायचं?”

“मी फ्रान्सला कधी गेलेली नाही हं,” मी आधीच सांगून टाकलं.

“मी गेलेय. त्याचा काहीही उपयोग झाला नाही,” बाई म्हणाल्या.

अशी शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी वर जायची. त्यांच्या हॉलमध्ये एसी असा सुटलेला असायचा, की मी उन्हाळ्यात शाल घेऊन बसायची. पहिल्या दिवशी मी चिवडा नेला, साहेबांनी तो चमच्याने खाल्ला आणि पुढच्या वेळी डबा रिकामा करून परत दिला, म्हणजे भरून आण. साहेब आडदांड, लालबुंद आणि शिकायला मुळीच राजी नसलेले. “मी हळूहळू इंग्रजी बोलेन, त्यांना कळेल,” असं त्यांचं म्हणणं. शेवटी आमची तडजोड झाली. त्यांनी फक्त नळ, पाइप, गळती, स्क्रू, छप्पर असले शब्द शिकायचे. ते मात्र त्यांनी मनापासून घोकले.

बाईंचं तसं नव्हतं. त्यांना सगळं नीट हवं होतं. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी, ते बाई का, हे त्यांना पटेना. मी म्हटलं, “आमच्यात टेबल ते, खुर्ची ती आणि पलंग तो. तुम्ही दोनावरच सुटलात, हे नशीब समजा.” त्याहून मोठा घोटाळा ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. इंग्रजीत सगळ्यांना एकच. मला तर हे शिकवताना गंमतच वाटायची, कारण फ्रेंचमधलं ‘तू’ जवळजवळ आपल्या ‘तू’सारखंच ऐकू येतं. मी आमच्याच घरचं उदाहरण दिलं. आईला तू, वडिलांना तुम्ही. देवाला तू, सासूबाईंना तुम्ही. हे मला ‘अगं’ म्हणतात, मी ह्यांना ‘अहो’ म्हणते.

“म्हणजे तू नवऱ्याला तुम्ही म्हणतेस? आणि तो तुला तू?” बाई ताठ बसल्या.

“हो.”

“आणि भांडताना?”

“भांडताना तर हमखास तुम्ही. त्यात जास्त जोर येतो.”

बाईंना हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावरून “आहो!” अशी हाक ऐकू यायला लागली. आमचे हे दोनदा दचकून दारात गेले.

खरी अडचण आली ती घशातल्या ‘र’ची. फ्रेंच र काही केल्या दोघांना जमेना. साहेबांचा घोरल्यासारखा यायचा, बाईंचा यायचाच नाही. मला एकदम सुचलं, की अरबीत असाच एक उच्चार आहे. खोलीला ते ‘ग़ुरफा’ म्हणतात, त्यातला ग़. मी म्हटलं, आधी हा शब्द पक्का करा. मग दोघं जिन्यात, गच्चीवर, गाडीत बसताना “ग़ुरफा, ग़ुरफा” म्हणू लागले.

हे घरमालकांच्या कानावर गेलं. ते तरुणपणी वडिलांबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे माझ्याशी हिंदीत बोलायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला खाली थांबवलं. डोळे चमकत होते. “बेटी, वो ऊपरवाला साहब अरबी सीखता है? बारा साल इधर रहता है, कभी सलाम नहीं बोला. अभी ग़ुरफा बोलता है!”

मी हातातली वही पुढे केली. म्हटलं, “जी, उच्चार शिकतायत.”

पुढच्या शिकवणीला दारावर टकटक झाली. घरमालक स्वतः, हातात खजुराचं ताट, मागे त्यांची सून कॉफीची किटली घेऊन. साहेब गडबडून उभे राहिले. घरमालक खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “यल्ला, चलो. बोलो, ग़ुरफा.”

साहेब म्हणाले. घरमालकांनी मान हलवली, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि आवाज कुठून काढायचा ते दाखवलं. तासभर तो पन्नाशीचा इंग्रज आणि सत्तरीचा बहारीनी समोरासमोर बसून गुळण्या केल्यासारखे आवाज काढत होते. बाईंनी उशीत तोंड लपवलं. मी पण. शेवटी साहेबांचा ग़ असा काही लागला, की म्हाताऱ्याने टाळी वाजवून “खलास!” म्हटलं. आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ.

हे सगळं फ्रान्ससाठी चाललंय, हे बाईंनी मग माझ्यामार्फत त्यांना सांगितलं. मला वाटलं, म्हातारा हिरमुसेल. पण ते म्हणाले, “फ्रान्स में पड़ोसी लोग को सलाम करना पड़ता है ना? तो पहले इधर सीखो.” आणि शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

तीन वर्षं एका छताखाली राहून मीही त्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या शुक्रवारी गालिच्यावर बसून आम्ही भात आणि मासे खाल्ले. साहेबांना मांडी घालता येईना, म्हणून त्यांना तीन उशा दिल्या. माझी मुलगी घरमालकांच्या नातींबरोबर आत पळाली ती निघेपर्यंत दिसली नाही. बाईंनी सुनेला मोडक्या अरबीत काहीतरी विचारलं आणि दोघी हसत स्वयंपाकघरात गेल्या. परतताना बाई आमच्या दाराशी थांबल्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं आम्ही खालून फक्त गाडी काढत होतो.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती दोघं खेड्यात महिनाभर राहून आली. सामान खाली ठेवायच्या आधी बाईंनी आमची बेल वाजवली. दुकानात शिरताना आधी बाँजूर म्हणायचंच, हे मी पुस्तकातलं ज्ञान दिलं होतं, ते अक्षरशः लागू पडलं होतं. बेकरीवाली पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघतही नव्हती, बाँजूर म्हटल्यावर पाव निवडून द्यायला लागली. स्वयंपाकघरातला नळ फुटला तेव्हा साहेबांनी प्लंबरला त्यांचे पाचही शब्द एकामागून एक सुनावले, आणि त्याला तेवढे पुरले. शेजारच्या आजीबाईंनी मात्र विचारलं, “तुमचा हेल कुठला? इंग्रजांसारखा वाटत नाही.”

“मी सांगितलं, बहारीनला शिकलो, एका भारतीय बाईकडे, र मात्र अरबाचा,” बाई म्हणाल्या. “आता अख्खं गाव आम्हाला बहारीनवाले म्हणतं. इंग्रज म्हणण्यापेक्षा बरं, असं मला कळलंय.”

साहेब रिटायर झाले आणि ती दोघं गेली. घरमालकांनी निरोपाला खजुराचे दोन डबे दिले, विमानतळावर सोडायला आपली गाडी काढली. वरचा मजला बरेच दिवस रिकामा होता. मी दरम्यान मुलीच्या शाळेतल्या काही मुलांना फ्रेंच शिकवू लागले. बाईंचा अधूनमधून फोन यायचा आणि प्रत्येक वेळी शेवट एकच, “तुम्ही कधी येताय?”

दशक संपता संपता आम्ही गेलो. मी पहिल्यांदाच फ्रान्स बघत होते. सकाळी बाईंनी मला बाजारात नेलं. खरबूजवाल्यापुढे मी, फ्रेंचची मास्तरीण, नीट उभी राहिले आणि व्याकरणशुद्ध वाक्यात खरबूज मागितलं. त्याने भराभर काहीतरी उत्तर दिलं. मला एक शब्द कळला नाही. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मला पुन्हा कळलं नाही.

बाई पुढे झाल्या. कमरेवर हात ठेवून त्याच्याशी काहीतरी बोलल्या, तो हसला, त्याही हसल्या. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, “तो विचारतोय, आज खायचंय की उद्या.”

“आज,” मी म्हटलं.

त्यांनी ते त्याला सांगितलं. त्याने ढिगातून तीन-चार खरबुजं बाजूला सारली, एक उचलून देठापाशी वास घेतला, बाईंना दिलं, बाईंनी मला दिलं. घरी येईपर्यंत ते मी दोन्ही हातांत धरून होते. वाटेत भेटेल तो बाईंना थांबवत होता, त्यांच्या गुडघ्याची आणि साहेबांच्या टोमॅटोची चौकशी करत होता, आणि प्रत्येकाला त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, की हीच ती, मला शिकवणारी.