पत्र्याची कड

मंडळी, आज सकाळपासून मान वर होत नाहीये.

राजाजीनगरच्या घरापुढे फुलझाडांचा वळणदार वाफा केलाय. त्याच्या कडेला पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमधल्या उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या लावल्या. वळणावर झकास बसल्या!

शेजारच्या अक्का रोज आंघोळ करून अनवाणीच पूजेची फुलं न्यायला येतात. आज पट्टीवर पाय पडला आणि टाच चिरली.

वर्कशॉपमध्ये कड घासून गुळगुळीत केल्याशिवाय मी एकही पार्ट बाहेर सोडत नाही. घरी म्हटलं, बागेत कोण तपासतंय!

मी पाय बांधत होतो, तर अक्काच म्हणाल्या, "स्वल्पच लागलंय अण्णा. तुमची पट्टी मात्र वाकली बघा."

पट्ट्या उपटून टाकल्यात. वळणावर बसेल, टिकेल आणि पायाला लागणार नाही, असं काय लावू?

अक्का उद्याही येणार आहेत.