साहेबाच्या कपाळाला कुंकू

बायको गेली तेव्हा लेकीनं पुण्यातलं आपलं ऑफिसच उचलून आमच्या पोलादपूरच्या घरात आणलं. बाप एकटा राहू नये म्हणून. मी म्हटलं, मला काय लहान पोर समजतेस? म्हणाली, लहान पोर ऐकतं तरी.

ऑफिस म्हणजे काय, तर एक छोटा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला मोठा पडदा. पडदा बघून मी म्हटलं, फसवलं गो तुला, यात रंगच नाय. वर्तमानपत्रासारखा नुसता काळा-पांढरा. तर म्हणे साध्या पडद्यानं तिचे डोळे चुरचुरतात. हा कागदासारखा हाय, डोळ्यांत उजेड मारत नाय.

त्या पडद्याला एक खोड. आधीचं चित्र जाता जात नाय, खाली फिकट सावली राहते. मग लेक एक काळी चौकट उघडायची आणि त्यात कसली कसली अक्षरं बडवायची. मी त्याला हुकूम म्हणतो. हुकूम सुटला की पडदा काळा-पांढरा, काळा-पांढरा असा थरथरायचा, म्हशीनं अंगावरच्या माश्या झटकाव्यात तसा, आणि कोरा व्हायचा. दुसरा हुकूम सोडला की अक्षरं गडद. मी चौथी शिकलेला माणूस, पण ती ऐट मला आवडली. घरात हुकूम सोडणारी गेल्यापासनं सुनंसुनंच होतं.

एक दिवस गडद-फिकट बघायला लेकीनं आईचा फोटो लावला. स्टँडवर बर्फाचा गोळा खाताना काढलेला, हसताना. भिंतीवर जो फोटो हाय तो आधार कार्डावरनं मोठा केलेला, त्यात ती पोलिसांनी धरून नेल्यासारखी दिसते. मी खुर्ची ओढून बसलो. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. बाई मात्र तशीच हसत.

"लाईट नाय, तरी ही कशी राहिली गो?"

"बाबा, याला बदलायला लाईट लागते. राहायला लागत नाय."

एवढं बोलून ती रेंज शोधायला गच्चीवर गेली. आता मला सांगा, कागदासारखा दिसतो, लाईटीवाचून राहतो, त्याला फोटो नाय तर काय म्हणायचं? आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण काय करतो? देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, बोट ओलं केलं आणि लावलं कपाळाला. सवाष्ण गेलेली बाई, कुंकू तिच्या हक्काचं.

लाईट आली. लेक धावत आली, पडद्याकडे न बघताच हुकूम सोडला. पडदा थरथरला, आई गेली. मधोमध तांबडा ठिपका राहिला. पुन्हा हुकूम. पुन्हा थरथर. ठिपका जागेवर.

"बाबा, यात लाल रंग नसतोच. हा आला कुठनं?"

मी वाल सोलत होतो. म्हटलं, "मला काय ठाऊक? मी चौथी शिकलेला."

तिनं ठिपक्याला बोट लावलं, बोटाकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे.

फडक्यानं पुसलं तर ठिपक्याचा गुलाबी डाग झाला, तो काय जाईना. तेवढ्यात मीटिंग लागली. पडद्यावर साहेब आला, मिशीवाला, गंभीर, आणि डाग बरोबर त्याच्या कपाळावर. साहेब कुणावर तरी तापला होता, पण दिसत होता हळदीकुंकवाला आल्यासारखा. लेकीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. आईचं तेरावं झाल्यापासनं ती अशी हसली नव्हती. मी पण नाय.

मीटिंग संपल्यावर म्हणाली, "हा आता पुण्याला दुरुस्तीला पाठवायला लागणार."

माझं हसू गेलं. "म्हणजे ती पण जाणार?"

"ती कोण?"

मी फटकळ माणूस. गावात कुणाला काय सुनावायचं ते तोंडावर सुनावतो. पण तेव्हा डागाकडे बघत वालाचं साल बोटात फिरवत बसलो.

लेकीनं संध्याकाळी हाक मारली. "इथं बसा. हे अक्षर दोनदा, हे एकदा. इंग्रजीत आई झालं. आता हे मोठं बटण." मी एका बोटानं दाबलं. पडदा थरथरला आणि आली की, गोळा खाताना! लेकीनं फोटो असा सरकवून बसवलाय की कपाळ बरोबर डागावर येतं.

पडदा काय दुरुस्तीला गेला नाय. रोज सकाळी चहा घेऊन मी बसतो, हुकूम सोडतो, ती येते. दहाला साहेब कुंकू लावून घ्यायला यायचा असतो, त्याच्या आधी लेक तिला पुसते. पुसायचा हुकूम तिनं मला शिकवलेला नाय. मी विचारलेला पण नाय.